अंबाड्याचं माप

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. शाळेत बाकावर, लग्नात पाटावर, कुठंच मला दहा मिनिटं धड बसता आलं नाही. नवल एवढंच, की कंपनीच्या टूलरूममध्ये मात्र मी आठ-आठ तास एका ठोकळ्यावर कानस घासत उभा राहायचो आणि काही वाटायचं नाही. तिथं हात चालू असायचे ना. हात चालू असले की मी शांत. हात थांबले की डोकं सुरू होतं, आणि डोकं सुरू झालं की मी चप्पल शोधायला लागतो.

सन सत्तर उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. भोसरीत भाड्याच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि ही. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या दिवाळीच्या आधी हिला टायफॉइड झाला. महिनाभर ताप हटेना. शेवटी उतरला, ही उठून बसली, भाकरी मागायला लागली, आणि मी म्हटलं सुटलो. कसला सुटतोय. पुढच्या महिन्यात हिचे केस गळायला लागले. फणी लावली की मूठभर हातात यायचे.

हिच्या केसांचं काय सांगू तुम्हाला. अंबाडा घातला की नळावरच्या बायका विचारायच्या, गंगावन लावलंय का गं? मला पहिल्यांदा मुलगी दाखवली तेव्हा चहा ठेवून ही वळली, आणि मी चेहऱ्याआधी तो अंबाडाच पाहिला होता. पंधरा दिवसांत सगळं गेलं. राहिलेल्या चार झिपऱ्या हिनं स्वतःच कात्रीनं कापल्या आणि डोक्यावरून पदर घेतला, तो घेतलाच. स्टोव्हपाशी पदर, नळावर पदर, झोपताना माझा मफलर. आरसा काढून ट्रंकेमागं उलटा ठेवून दिला. मी न्हाव्याकडे जाऊन दाढी करायला लागलो, पण आरशाबद्दल एक शब्द बोललो नाही.

संक्रांतीला ही कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. आणि त्यानंतर आठवड्याभरात हिच्या माहेरून कार्ड आलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. हिनं कार्ड दोनदा वाचलं, डब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "मी नाही यायची. तुम्ही जाऊन अक्षता टाकून या."

मला आधी वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय. पण ही असं काही उगाच बोलणाऱ्यातली नाही. ज्या बहिणीला कडेवर घेऊन वाढवलं, जिची वेणी रोज सकाळी हिनं घातली, तिच्या लग्नाला ही जाणार नव्हती. माहेर खेडच्या पलीकडे, भोसरीहून एसटीनं दोन-अडीच तास. माहेरच्या बायका पदर ओढून बघतील, हळहळतील, आई रडेल, हे हिच्या डोळ्यांपुढं उभं होतं. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. मी चप्पल घातली आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आलो.

आमच्या खात्यात चऱ्होलीचा एक जण होता. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे मी सगळं ओकलो. तो म्हणाला, "राव, आमच्या गावात एक म्हातारा सोनार आहे. अंबाड्यात खोवायची चांदीची फुलं करतो, जुन्या पद्धतीची. एवढाली असतात, मागचं सगळं डोकं झाकून जातं." झाकून जातं म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असायची. पुढच्याच गुरुवारी सायकल काढली आणि दिघीवरून चऱ्होली गाठली.

सोनाराचं घर देवळामागं होतं. पुढच्या पडवीत शेगडी, ऐरण, लाखेचा एक काळा गोळा, आणि भिंतीला टेकून बसलेले म्हातारे काका. काकी आत ताक घुसळत होत्या. मी फूल पाहिजे म्हणताच काकांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. ते थरथरत होते. "फुंकणी हलती आता," ते म्हणाले. "डाख भलतीकडंच जातो, पाकळ्या जुळत न्हाईत. दोन वरसं झाली फूल क्येलं न्हाई. आन मागतंय कोण? समद्यांना ते प्लास्टिकचं चाप पायजेत."

मी म्हटलं, मी टूलरूमचा माणूस आहे, केसाइतका फरक हातानं ओळखतो, तुम्ही सांगा, मी करतो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, केवढा हा आगाऊपणा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण काकांना गंमत वाटली असावी. त्यांनी बसायला पोतं सरकवलं.

तेवढ्यात काकी बाहेर आल्या. ठेंगणी, काटक बाई, डोक्यावर पांढरा पण चांगला घट्ट खोपा. "कुनासाठी रं?"

"मंडळींसाठी."

"मग पयलं तिच्या खोप्याचं माप आन. भवतीनं एक डाव दोरा फिरवायचा आन गाठ मारायची. त्याबिगर ह्ये पत्र्याला कात्री लावत न्हाईत."

आणतो, म्हटलं मी. आणि तिथंच माझी फसवाफसवी सुरू झाली.

कारण घरी येऊन दोरा हातात घेतला आणि मला पुढं बोलता येईना. काय म्हणायचं? पदर काढ? ही पोळ्या लाटत होती, पाठमोरी, पदर कानामागं घट्ट खोचलेला. दोन महिन्यांत मी त्या पदराखाली एकदाही बघितलं नव्हतं. ही पदर सारखा करायला लागली की मी खिडकीबाहेर बघायचो. हिला बरं वाटावं म्हणून बघत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. खरी गोष्ट अशी, की मला भीती वाटायची. दोरा खिशात घातला आणि दूध आणायला निघून गेलो, घरात दूध असताना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मी काय केलं ऐका. हिचा अंबाडा आठवला, लग्नातला, गजऱ्याच्या आतला. डोळे मिटून हातांनी त्याचा अंदाज घेतला. मग स्टोअरमध्ये जाऊन साडेतीन इंची गोल सळई काढली, तिच्याभोवती दोरा फिरवला आणि गाठ मारली. वर व्हर्नियर लावून खात्रीही करून घेतली. आयुष्यात मापाशिवाय पत्र्याला हात न लावणारा मी, बायकोच्या डोक्याचं माप लोखंडी सळईवरून घेऊन आलो.

पुढच्या गुरुवारी काकींनी तो दोरा बोटांवर ताणून बघितला. "गाठीत एक केस बी न्हाई," त्या म्हणाल्या. "बाईचं डोकं हाय का जात्याचा खुंटा?"

"तिचा अंबाडा तसाच घट्ट बसतो," मी म्हटलं. काकी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, मग दोरा खिळ्याला अडकवून आत गेल्या.

तेव्हापासून दर गुरुवार मी चऱ्होलीत. पहाटे निघायचो, दिवेलागणीला परत. काका बोलायचे कमी, पण हात धरून शिकवायचे. आधी पितळेवर. पत्रा शेगडीवर लाल करायचा, गार करायचा, म्हणजे तो मऊ होतो. मग कातरून पाकळ्या काढायच्या, लाखेच्या गोळ्यावर उलट्या बसवायच्या आणि ठशानं ठोकून पाकळीला पोट आणायचं. ठोके किती आणि कसे, ते काका जिभेनं वाजवून दाखवायचे. टक, टक, आणि मग हलकेच टक. माझा तिसरा ठोका कायम जड पडायचा. "कंपनीतला हात हाय," ते म्हणायचे. "दार वाजवतोयस व्हय? पाकळी उठवायची हाय, शेजाऱ्याला न्हाई."

पितळेचं पहिलं फूल महिन्याभरानं झालं. मागच्या आकड्याला, म्हणजे केसांत रुतणाऱ्या काडीला, मी असलं पॉलिश मारलं की तीत तोंड दिसावं. सरळ तर अशी, की काचेवर ठेवून बघावी. मला वाटलं काका पाठ थोपटतील. काकींनी फूल उचललं, स्वतःच्या खोप्यात खोवलं आणि घागर घेऊन चालू पडल्या. त्या घरची रीतच तशी होती. फूल कुणाचंही असो, आधी एक दिवस काकींच्या खोप्यात राहायचं. पाणी भरायचं, दळायचं, शेण सारवायचं, आणि संध्याकाळी ते जागेवर असलं तरच गिऱ्हाइकाला द्यायचं.

विहिरीवर काकी रहाटावर वाकल्या आणि माझं फूल सुळकन घसरून चिखलात पडलं. घागर घेऊन त्या परत आल्या आणि ते चिखलातलं फूल त्यांनी माझ्या मांडीवर टाकलं. "आरशावानी काडी क्येलीस व्हय रं? केसांनी धरायचं कशाला?"

काका पोट धरून हसले. मग त्यांनी दाखवलं. आकड्याला किंचित बाक द्यायचा, हाताला कळेल न कळेल एवढा, आणि पॉलिश करायचं नाही, कानशीची खरखर ठेवायची. कंपनीत खरखरीत भाग रिजेक्ट व्हायचा, इथं गुळगुळीत रिजेक्ट झाला. मला राग आला होता, पण काकींचं म्हणणं पटलं. फूल आरशात बघायला नसतं, डोक्यावर राहायला असतं.

इकडे घरात काय चाललं होतं, ते सांगायलाच हवं. ही विचारायची नाही, गुरुवारी कुठं जाता. शेजारचा एक जण मात्र टोमणे मारायचा, "काय भाऊ, चऱ्होलीत दुसरं घर केलं की काय?" मी हसून उडवायचो. मला सगळं एकदम हिच्या हातात ठेवायचं होतं, फूल आणि एसटीची दोन तिकिटं. माझ्या डोक्यात हे चित्र एवढं पक्कं झालं होतं की त्यात हिनं काय म्हणायचं तेही मीच ठरवून ठेवलं होतं. एका गुरुवारी मी सायकलची हवा बघत होतो, तेव्हा ही दारात आली आणि म्हणाली, "आज तरी बसा ना घरी."

"आलोच," म्हटलं मी. आणि बारा तासांनी आलो.

मार्चमध्ये काकांनी चांदीला हात लावू दिला. माझा लहानपणचा करगोटा आणि हातातली कडी आईनं जपून ठेवली होती, ती वितळवली. आठ पाकळ्यांची एक रांग, आत पाच पाकळ्यांची दुसरी, मधोमध घुमट, आणि खाली दोन पानं. डाख देताना, म्हणजे पाकळ्या झाळून जोडताना, फुंकणीत श्वास एकसारखा लागतो. जरा दम तुटला की एका पाकळीचा डाख वितळतो आणि शेजारची पाकळी निखळते. तीनदा निखळली. तिसऱ्यांदा मी फुंकणी भिरकावली आणि उठून पार नदीपर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा काकांनी शेगडी फुलवून ठेवली होती.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा फूल पुरं झालं. काकांनी ते रिठ्याच्या पाण्यात टाकलं, ब्रशनं घासलं, आणि चांदी अशी पांढरी निघाली की मला काही सुचेना. काकींनी ते खोप्यात घातलं. त्यांच्या खोप्यावर ते जरा मोठंच दिसत होतं, पण आकडे पक्के होते. दिवसभर त्या राबल्या आणि फूल जागचं हललं नाही. मुद्दाम रजा टाकून मी दुसऱ्या दिवशी ते घ्यायला गेलो. परत येताना सायकल नुसती उडत होती. सांगतो ना, त्या दिवशी मला माझ्याएवढा शहाणा नवरा जगात दुसरा दिसत नव्हता.

ही सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी रुमाल तिच्यापुढं ठेवला. तिनं हात पुसले, रुमाल उघडला आणि एकेका पाकळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुणाचं आहे हे?"

"तुझं. मी केलंय. या हातांनी."

तिनं ते उचललं, पदर न काढताच डोक्यामागं धरलं. फुलानं मागचं जवळजवळ सगळं डोकं झाकलं. "हे मावेल असं डोकं होतं माझं," ती म्हणाली. "आता नाही. याला खोवायचं कशात?"

आणि माझं टाळकं सटकलं. खरं म्हणजे माझीच चूक मला दिसली होती, म्हणूनच सटकलं. तीन महिने राबलो, बोटं भाजली, एक गुरुवार घरात टेकलो नाही, काय वाट्टेल ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मी कधी मागितलं होतं? मी म्हणत होते घरी बसा. पाच महिन्यांत तुम्ही माझ्याकडे एकदा तरी बघितलंत?"

मी काय करणार, जे येतं तेच केलं. सायकल काढली आणि निघालो. कुठं जायचं ते चाकांनाच माहीत होतं. तळपत्या उन्हात चऱ्होलीच्या पडवीत जाऊन मी धापा टाकत बसलो. काका झोपले होते. काकींनी पाणी दिलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"दोरा कुनाच्या डोक्याचा हुता रं?"

मी सांगितलं. सळईचं, पदराचं, खिडकीबाहेर बघण्याचं, सगळंच. सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात. माझे सोनारणीनं टोचले, आणि आवाज न चढवता. त्या म्हणाल्या, "पोरीचं केस आजारानं गेलं. तू कशानं गेलास?"

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. मग आत जाऊन रिळाचा दोरा हातभर तोडून आणला आणि माझ्या मुठीत कोंबला. "खोपा नसंल तर न्हाई. जे हाय त्याचं माप घे. फूल हू दे न्हाईतर न्हाई."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ही तशीच बसलेली, तांदळाचं सूप मांडीवर. मी समोर बसलो. नुसता बसलो, आणि देवाशपथ सांगतो, एवढं अवघड काम मी टूलरूममध्ये कधी केलं नाही. म्हटलं, "बघू दे."

ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, "मला बघायचंय." मग तिनं पदर हळूच मागं सोडला.

केस आले होते. काळे, मऊ, थोडे कुरळे, लहान मुलाच्या जावळासारखे. अंबाड्याभोवती फिरवायला अंबाडाच नव्हता, तेव्हा मी दोरा मुळापासून टोकापर्यंत धरला आणि बोटांवर मोजला.

"किती आहेत?" तिनं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते. तेव्हा मला कळलं, तिनंही बघितलेलं नव्हतं. हाताला लागत असतील, पण मोजायचं धाडस तिलाही झालं नव्हतं.

"तीन बोटं."

"खरं सांगा. मन राखायला सांगू नका."

"टूलरूमचा माणूस आहे मी, माप खोटं सांगत नाही," असं मी बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. तिला दोऱ्याची हकिगत ठाऊक नव्हती. मग तीही सांगितली, सळईसकट. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की सूप कलंडलं. तांदूळ भरता भरता म्हणाली, "पुन्हा मोजा. कानामागं पण. पुढं कपाळाशी पण." मी चार ठिकाणी मोजलं. सगळीकडे तीन बोटंच भरली, कपाळाशी जरा जास्त.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही खेडची एसटी पकडली. फूल घरीच राहिलं. चाकणला गाडी थांबली तेव्हा कांद्याच्या पोत्यांचा वास आत आला, वारा सुटला, आणि हिचा पदर डोक्यावरून खाली सरकला. हिनं तो सावरायला हात उचलला आणि मध्येच परत मांडीवर ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो. खिडकीबाहेर नाही, तिच्याकडेच. तिला ते माहीत होतं.

दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लेकीचं डोकं बघितलं आणि भाकरतुकडा ओवाळायचा राहिला तो राहिलाच. डोक्यावरून हात फिरवत त्यांनी हुंदका दिला. मागच्या बायकाही पुढं सरकल्या. ज्या घटकेच्या भीतीनं ही पाच महिने पदराखाली दडून बसली होती ती हीच, आणि मी आता तरी इथून हलू नये म्हणून दाराची चौकट घट्ट धरून उभा राहिलो.

ही म्हणाली, "रडतेस काय आई? तीन बोटं आलेत. यांनी चार ठिकाणी मोजलेत."